मोहोड साहेबांचं पूर्ण वाक्य

मोहोड साहेबांनी शिकवलेलं सगळं टाकून द्यायचं ठरवलं, तर मला माझी सहीसुद्धा बदलावी लागेल. आधी मी नुसतं 'रेखा' लिहायची, अक्षर-अक्षर सुटं. पूर्ण नाव लिहायचं, खाली तारीख घालायची, आणि सही मजकुराला लागून करायची, मध्ये एका ओळीचीही जागा सोडायची नाही, हे त्यांनी शिकवलं. आजही कुठं सही करायची वेळ आली की हात आपोआप तसाच चालतो आणि माझं डोकं फिरतं.

त्यांना 'ते' म्हणणंही सुटलेलं नाही. मनातल्या मनात शंभर वेळा 'तो मोहोड' म्हणून पाहिलं. पण तोंडातून येतं ते 'साहेब'च. काय करणार, चार वर्षांची सवय आहे.

आमचं गाव धामणखेड, कौंडण्यपूरच्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. मोहोड साहेब आमचे ग्रामसेवक होते. सरकारनं आता त्या पदाचं नाव बदललं म्हणतात, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तर 'सेक्रेटरी'च आहे. मी त्या पाच वर्षांत ग्रामपंचायतीची सदस्य होते, वॉर्ड नंबर तीन, महिला राखीव. आमचा धंदा फुलांचा. दीड एकरात झेंडू, निशिगंध आणि थोडा मोगरा. मतदानाच्या आधी मला उभं कुणी केलं, का केलं, ते सोडा. गावात नऊ जण निवडून आलो, त्यात पाच बाया, आणि पाचही बायांचे नवरे पहिल्या मीटिंगला आमच्या आधी खुर्च्यांवर बसले होते.

साहेब आत आले. बुटके, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एकच निळं पेन. टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि सरपंचाच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत गजाननभाऊ होते. सरपंच त्यांची बायको, संगीताताई. त्या बिचाऱ्या दाराशी चपला काढत होत्या.

"तुमी कोन?" साहेबांनी विचारलं.

"मी? सरपंचाचा नवरा ना बाप्पा!" गजाननभाऊ हसले.

"हाव काय? मी काल रातच्याले कायदा उघडून पाह्यला. त्याच्यात सरपंचाचं कलम सापडलं, उपसरपंचाचं सापडलं, सदस्याचंही सापडलं. नवऱ्याचं कलम काही सापडलं नाही मले. तुमच्याजवळ असन त दाखवा, मी लिहून घेतो."

साहेबांनी आवाज चढवला नाही, रजिस्टर मात्र मिटून ठेवलं. खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत ते उघडणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी पाचही नवरे बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माझा त्यात सर्वांत आधी उठला, कारण त्याला तसाही कंटाळा आला होता. त्या दिवसापासून ओट्याचं नाव 'नवरे ओटा' पडलं, ते अजून तसंच आहे.

असा माणूस. मी तेव्हाच त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि जो टाकला तो चार वर्षं उचलून पाहिला नाही.

त्यांची सर्वांत मोठी खोड म्हणजे पेन हवेत धरायची. मीटिंगमध्ये आपण काही बोललो आणि बोलणं अर्धवट राहिलं, की त्यांचं पेन कागदावरून उठायचं आणि तोंडासमोर उभं राहायचं. आपण पूर्ण बोलेपर्यंत ते खाली येत नसे. पहिल्यांदा मी सापडले ती अंगणवाडीच्या मागच्या नालीवरून. नाली आधी वॉर्ड एकमध्ये करायची, असा विषय होता. मला ते पटत नव्हतं. मी म्हणाले, "नाई."

पेन हवेत.

"काय नाई, ताई?"

"नाई म्हंजे नाई."

"असं नाई लिहिता येत. नाई हा शब्द लय लुच्चा आहे. त्याले एकटा फिरू देऊ नोका. कोन नाई म्हन्ते, कायले नाई म्हन्ते, ते सगळं त्याच्यासंगं बांधा. पूर्ण वाक्य बोला."

मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. तरी बोलले, "मी, रेखा अमुक तमुक, वॉर्ड तीनची सदस्य, नाली आधी वॉर्ड एकमध्ये करायले विरोध करते, कारण अंगणवाडीत लेकरं पाण्यात बसून राह्यले." पेन खाली आलं आणि सुसाट चाललं. ते मान न उचलता म्हणाले, "आता झाला हा विरोध. आता याले कलेक्टरही खोडू शकत नाई." त्या रात्री जेवताना मी ते वाक्य नवऱ्याला तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बस झालं, पाहीन मी लेकरं पाण्यात बसली कां नाई." नाली अंगणवाडीच्याच मागं झाली.

गावात आम्ही 'नाई' म्हणायचो आणि साहेब कागदावर 'नाही' लिहायचे. बोलताना ते पक्के वऱ्हाडी, अकोल्याकडचे. लिहायला बसले की वेगळाच माणूस व्हायचा. 'सबब', 'सदरहू', 'उपरोक्त' असले शब्द यायचे आणि अक्षर असं की छापील वाटावं. लिहून झालं की वाचून दाखवायचे. पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्या कान देऊन ऐकायचो. कुठं चूक सापडते का, ते पाहायचो. एकदाही सापडली नाही. मग हळूहळू ऐकणं सुटलं. साहेब वाचत असायचे आणि आम्ही घरी भाजी काय करायची त्यावर बोलत असायचो.

सरकार समजावून सांगायची त्यांची एक पद्धत होती, ती आम्हा बायांसाठीच काढली असावी. ग्रामपंचायत म्हणजे घरात आलेली नवी सून, असं ते म्हणायचे. जिल्हा परिषद ही जाऊ, मुंबई ही सासू, आणि दिल्ली म्हणजे सासरा. "चूल तुमची. पण भाजी कोणती ते सासू सांगनार, अन् तेलाचा डबा सासऱ्याच्या कपाटात. सासरा तेल देते, नाई म्हनत नाई. पन देताना सांगते, याच्यात वांगेच करा." आम्ही हसून लोळायचो. मग ते गंभीर व्हायचे आणि बोट उचलायचे. "पन एक खोली त्या घरात सुनेची आहे. ग्रामसभा. तिथं सासरा आला तरी दारात उभा राहून विचारून आत येते. हे ध्यानात ठेवजा."

हे आम्ही ध्यानात ठेवलं. फार नीट ठेवलं.

दिल्लीशी त्यांचं भांडण मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. ई-क्लासवर गुरांना पाणी प्यायला एक हौद बांधायचा ठराव गावानं केला. ई-क्लास म्हणजे गावाच्या कडेची चराईची जमीन. आमच्या भागात प्रत्येक गावाला अशी असते. ज्यांच्याकडं शेत नाही त्यांच्या शेळ्या, गाई तिथंच चरतात. वॉर्ड तीनमधली निम्मी घरं त्या जमिनीवर चालायची. आमच्या गल्लीतल्या पर्वताबाईच्या अकरा शेळ्या होत्या. सकाळी आठला ती त्यांना घेऊन निघायची, प्रत्येकीला नावानं शिव्या देत. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, लेकाचं काही खरं नाही, तो कधी असतो कधी नसतो. शेळ्यांवर तिनं दोन पोरी उजवल्या आणि नातू बारावीपर्यंत शिकवला.

तर हौद. गावाचा आराखडा कॉम्प्युटरवर दिल्लीला पाठवायचा असतो. त्यात कामांची यादी तयारच असते, त्यातलं काम निवडायचं. साहेबांनी दोन दिवस यादी वरखाली केली. गुरांच्या हौदाला जागा कुठंच नव्हती. तालुक्याचे साहेब म्हणाले, दुसरं काही निवडा आणि विषय संपवा. मोहोड साहेबांनी निवडलं नाही. त्यांनी पत्र लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे. 'आमच्या गावातील गुरे पाणी पितात, आपल्या यादीतील गुरे पीत नाहीत, सबब सदर यादीत दुरुस्ती व्हावी.' त्यावर त्यांना तालुक्याला बोलावून चांगलं झापलं म्हणतात. पण चार महिन्यांनी हौद मंजूर झाला. तो कुठल्या नावाखाली बसला ते मला आजही माहीत नाही. पर्वताबाईनं हौदाला हळदकुंकू वाहिलं आणि साहेबांच्या कपाळालाही लावायला गेली. ते मागं सरकले. "मले नोको, बाई. मी नोकर आहे."

ते कुणाच्या घरी चहा घेत नसत. कितीही आग्रह करा, "रिटायर झालो की येईन, एकाच दिवशी सगळ्यायच्या घरचा पेईन," हे ठरलेलं उत्तर. तालुक्याच्या गावी एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. बायको अकोल्याकडं शाळेत शिक्षिका, मुलगी तिकडंच कॉलेजात. शनिवारी दुपारी पिशवी घेऊन निघायचे, सोमवारी पहिल्या बसनं हजर. डब्यात बायकोच्या हातची थालीपिठं असायची, ती गुरुवारपर्यंत पुरवायचे. अकोला जिल्ह्यात बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. दर वर्षी करायचे. अकरा वर्षं करत होते. म्हणायचे, "दिल्लीचं पत्र आठ दिवसांत धामणखेडले येते. माह्या अर्जाले बडनेऱ्याच्या जंक्शनवरच गाडी भेटत नाई." आम्ही हसायचो, तेही हसायचे. त्या हसण्यामागं काय होतं, ते विचारावं असं कधी सुचलं नाही. हे माझंही चुकलं.

चौथ्या वर्षी सौर प्रकल्पाचं पत्र आलं. विजेसाठी सूर्याच्या काचा बसवायच्या, त्यासाठी गावोगावच्या ई-क्लास पाहिजेत, योजना दिल्लीची. आमची सगळी ई-क्लास त्यात होती, हौदासकट. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता, गावाची हरकत नाही असा.

मी सरळ साहेबांकडे गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"गावानं नाई पाह्यजे म्हटलं त?" मी विचारलं.

"त नाई."

"दिल्ली ऐकन?"

"त्या खोलीत दिल्लीले विचारून यावं लागते, ताई. मी तुमाले काय सांगितलं होतं?"

मला आणखी काय हवं होतं? ग्रामसभेआधीचे आठ दिवस मी फुलं तोडायला नवऱ्याला एकट्याला पाठवलं आणि दारोदार फिरले. ग्रामसभेला एरवी आमच्याकडं पंधरा माणसं येतात, त्यातली सहा सावलीसाठी. या वेळी सगळं गाव यायला हवं होतं. मी प्रत्येक घरात एकच सांगितलं. लोकांना विषय समजावत बसायला वेळ नव्हता आणि पर्वताबाईसारख्यांना मीटिंगमध्ये बोलायची भीती. म्हणून मी त्यांना सोपं करून दिलं. "काही बोलायचं काम नाई. साहेब विचारतीन, अन् आपुन सगळ्यायनं एकाच आवाजात नाई म्हनायचं. जोरानं."

पर्वताबाईनं माझ्यासमोर म्हणून दाखवलं, "नाई!" तिच्या शेळ्या दचकून उभ्या राहिल्या.

ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या मैदानात दोनशेच्या वर माणसं होती. एवढी निवडणुकीलाही येत नाहीत. जिल्ह्याहून दोन साहेब आले होते, प्रकल्पवाल्यांचा एक माणूस होता, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. संगीताताई अध्यक्षस्थानी. मोहोड साहेब बाजूला उभे, हातात रजिस्टर. मी मागं बायांमध्ये उभी होते, पर्वताबाईचा हात धरून.

साहेबांनी घसा साफ केला. त्या दिवशी ते वऱ्हाडीत बोलले नाहीत, लिहितात तसे बोलले. "विषय क्रमांक एक. मौजे धामणखेड येथील ई-क्लास जमीन सौर ऊर्जा प्रकल्पाकरिता देण्यास ग्रामसभेतील कोणाचीही हरकत तर नाही ना?"

आणि ते थांबले.

"नाई!" मी ओरडले. माझ्या मागोमाग दोनशे जण ओरडले. "नाई! नाई!" पर्वताबाई तर टाचा उंचावून ओरडली. जिल्ह्याचे साहेब एकमेकांकडे पाहून हसले. मला वाटलं, खजील झालेत. मी मोहोड साहेबांकडे पाहिलं. त्यांचं पेन हवेत गेलं नाही. ते थेट कागदावर चाललं होतं. आणि मी बावळट, मी मनात म्हटलं की एवढ्या मोठ्या आवाजानंतर त्यांना आता काही विचारायची गरजच उरली नाही. आम्ही हलगी वाजवत गल्लीत गेलो. त्या दिवशी पर्वताबाईनं घरोघर शेळीच्या दुधाचा चहा पाजला.

संगीताताईंनी त्याच संध्याकाळी सही केली. न वाचता. त्यांना मी दोष देत नाही, मीही वाचलं नसतं.

तीन आठवड्यांनी मी ठरावाची नक्कल मागितली. संशय म्हणून नाही. मला ती घरात ठेवायची होती, पुढं नातवंडांना दाखवायला की तुमच्या आजीनं दिल्लीला दारातून परत पाठवलं होतं. शिपायानं झेरॉक्स काढून दिली. मी ती ऑफिसच्या पायरीवर उभी राहून वाचली. मोहोड साहेबांचं अक्षर होतं, छापल्यासारखं.

'सदर विषय सचिवांनी वाचून दाखविला व हरकतीबाबत विचारणा केली असता उपस्थित सर्व ग्रामस्थांनी मोठ्या आवाजात "नाही" असे सांगितले. सबब कोणाचीही हरकत नसल्याने ठराव सर्वानुमते मंजूर.'

मी ते चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की आम्ही काय केलं होतं. त्यांनी विचारलं होतं, हरकत नाही ना? आम्ही म्हणालो होतो, नाही. त्यात माझा आवाज होता. सर्वांत आधीचा माझाच होता. गावाला एकटा शब्द देऊन मीच पाठवलं होतं.

आत गेले तेव्हा ते कपाट आवरत होते. मी कागद टेबलावर आपटला.

"साहेब, हे काय?"

त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. "याच्यात खोटं काही नाई, ताई. गाव नाई म्हटलं. मी नाही लिहिलं."

"तुमाले कळत नव्हतं गाव काय म्हनून राह्यलं ते?"

"कळत होतं."

तेवढंच. मला वाटलं, नाकारतील, रागावतील, काही तरी सबब सांगतील. माणूस सरळ कबूल झाला तर त्याच्याशी भांडायचं कसं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ठराव नसता झाला तरी ती जमीन गेलीच असती. ई-क्लास सरकारची असते. गावाकडे नुसती देखरेख. आज नाई त सहा महिन्यानं, वरून हुकूम आला असता. मी किती कागद पाह्यले तुमाले काय सांगू."

"मंग इतके वर्षं आमाले काय शिकवलं? ते खोलीचं? दारात उभं राहून विचारते म्हने?"

"जे असाले पाह्यजे ते शिकवलं."

"अन् जे आहे ते?"

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. तेव्हा माझा आवाज चढला. मी म्हणाले, "जाऊ द्या ना मंग जमीन. दिल्लीनं हिसकून नेली असती त नेली असती. आमचा विरोध तरी कागदावर राह्यला असता. पर्वताबाई विरोध करते, कारण तिच्या शेळ्या मरतीन. एवढं एक वाक्य. तुमी तेवढंही ठेवलं नाई. आमच्याच तोंडानं आमची जमीन दिली."

माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याचाही राग येत होता. साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, खिशाला लावलं, परत काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "माह्या पोरीचं लग्न ठरून राह्यलं, ताई. अकरा वर्षं मी तिले रविवारीच पाह्यली." याचा आपल्या बोलण्याशी काय संबंध, मला तिथं कळलं नाही. आठ दिवसांनी बदलीचा हुकूम आला तेव्हा कळलं. अकोला जिल्हा, बायकोच्या शाळेपासून पंधरा किलोमीटर. अकरा वर्षं बडनेऱ्यात अडकलेल्या अर्जाला गाडी मिळाली होती.

निरोप समारंभ झाला. शाल आणि नारळ दिला. गजाननभाऊ नवरे ओट्यावरून उठून बोलले, की असा ग्रामसेवक पुन्हा होणे नाही. मी गेले नाही. माझी तब्येत बरी नाही, असं कळवलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. मी तहसीलला अर्ज केला. उत्तर आलं, ग्रामसभेच्या एकमुखी ठरावानुसार कार्यवाही सुरू आहे. संगीताताईंना नक्कल दाखवली, त्या दोन दिवस रडल्या, मग म्हणाल्या, आपली सही आहे, आता बोलण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर ई-क्लासला तारेचं कुंपण पडलं. हौद आत गेला. तोवर नवे ग्रामसेवक आले होते, त्यांना गावातलं कुणी ओळखतही नव्हतं. गावानं आपल्याआपण ठरवून टाकलं की वरती कुणीतरी कागद फिरवला, आणि मोहोड साहेब असते तर लढले असते. कट्ट्यावर, लग्नात, रेशनच्या रांगेत, हेच. मी एकदाही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मला हेही सांगावं लागलं असतं की नुसतं नाई म्हणा, हे शिकवणारी मी होते.

पर्वताबाईनं आधी चार शेळ्या विकल्या, मग पाच. उरलेल्या दोन रस्त्याच्या कडेनं चारायची, त्यातली एक ट्रकखाली आली. दुसरी तिनं पोरीकडं पाठवून दिली. नातवानं शिक्षण सोडलं, तो आता नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कंपनीत जातो, बारा तासांची ड्युटी. घरी एकटी बसवेना म्हणून ती माझ्याकडे हार ओवायला येऊ लागली. तिची बोटं शेळ्यांची सवय असलेली, फूल हातात चुरगळायची. मी काही बोलत नसे.

गेल्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत आम्ही दोघी हाराचं दुकान लावून बसलो होतो. दुकान म्हणजे चादर, दोन टोपल्या आणि वरती साडी बांधलेली. दुपारची गर्दी होती. एक बाई आणि तिच्यामागं एक माणूस समोर थांबले. बाईनं झेंडूचा हार उचलला. मी वर पाहिलं. मागं मोहोड साहेब होते.

शर्ट तोच पांढरा, पण अंगावर सैल झालेला. त्यांनी मला ओळखलं आणि मग माझ्या शेजारी पाहिलं. मी काही म्हणायच्या आत पर्वताबाई सुई टाकून उठली. गुडघ्यावर हात ठेवत, एकदम आनंदानं.

"सायेब! बाप्पा, सायेब तुमी! पाह्य वं रेखा, कोन आलं!" तिनं दोन्ही हात जोडले. "आमची ई-क्लास गेली, सायेब. शेळ्या गेल्या. सगळं गेलं. तुमी बदली घेऊन कायले गेले? तुमी असते त असं झालं नसतं. तुमी नसतं होऊ दिलं."

साहेबांच्या बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नवऱ्याबद्दलचा अभिमान होता, तिला काही माहीत नसावं. साहेबांचे ओठ हलले. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. आत्ता सांगतील, असं मला वाटलं, आणि सांगितलं असतं तर कदाचित मी माफ केलं असतं. पर्वताबाईनं टोपलीतला सर्वांत मोठा हार काढला, निशिगंधाचा, सकाळपासून वेगळा ठेवलेला, आणि त्यांच्या हातात दिला. पैसे घेईना.

"देवाले वाहा," ती म्हणाली. "आमच्या गावाच्या नावानं."

त्यांनी हार घेतला. एकदा माझ्याकडे पाहिलं. सांगू नका, एवढंच त्या पाहण्यात होतं, आणि मी सांगितलं नाही. त्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो. "तब्येत सांभाळा, बाई," असं काहीतरी ते पर्वताबाईला म्हणाले आणि बायकोच्या मागं दर्शनाच्या रांगेकडे निघाले. हार त्यांनी दोन्ही हातांवर तोलून धरला होता. वळून पाहिलं नाही.

पर्वताबाई ते दिसेनासे होईपर्यंत उभी होती. मग बसली आणि सुई शोधू लागली.

"किती वाळला वं बिचारा," ती म्हणाली. "अकोल्याचं पानी काही मानवलं नाई त्याले."